वॉरंटीत नवं इंजिन मिळतंय, पण ते आमच्या गाडीला जुळेल का? सल्ला हवा आहे

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. आमच्याकडे २०२१ ची १.५ डिझेल गाडी आहे, बीएस६ (प्रदूषण मर्यादेचा नियम) पहिला टप्पा. वाढीव वॉरंटी चालू आहे. कसारा घाट चढताना ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला आणि खालून ठोकल्यासारखा आवाज यायला लागला. गाडी लगेच बंद केली आणि टो करून नाशिकला आणली. ऑइल चेंबर उघडलं तर तळाशी धातूचा चमचमता कीस. बेअरिंग गेलंय, क्रँकवर (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावर) चरे पडलेत. कंपनीने वॉरंटीत मंजुरी दिली, तो प्रश्न सुटला.

आता अ‍ॅडव्हायझर म्हणतो, "मॅडम, शॉर्ट इंजिन येणार, वरचं सगळं तुमचंच लावू." शिवाय आमच्या इंजिनाचा मूळ पार्ट नंबर बंद झालाय, त्याऐवजी दुसरा नंबर येतोय. तो २०२३ नंतरच्या गाड्यांनाही लागतो म्हणे. मग आमच्या इसीएमशी (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरशी) तो जुळेल का? किल्ली, सेन्सर, प्रदूषण चाचणी यांचं काय? आरसीवर इंजिन नंबर आहे, त्याचं काय करायचं? सही करण्याआधी काय काय विचारून घेऊ?

डोंगरवाटा
शॉर्ट इंजिनला हो म्हणू नका, पूर्ण इंजिन मागा. चूक त्यांच्या मालाची आहे, मग अर्धं जुनं आपण का ठेवून घ्यायचं?

पाना_तेरा
ताई, मी बरीच वर्षं डिझेल इंजिनं खोलतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इसीएमची काळजी आधी बाजूला ठेवा. शॉर्ट इंजिन म्हणजे ब्लॉक, क्रँक, कनेक्टिंग रॉड, पिस्टन. त्यात इसीएम येत नाही, तुमचाच राहतो. इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) आणि किल्ल्या त्याच्याशी जोडलेल्या असतात, त्यामुळे तिथे काही बिघडत नाही. एप्रिल २०२३ ला बीएस६ चा दुसरा टप्पा आला तेव्हा बदल मुख्यतः प्रोग्रॅमिंग, सेन्सर आणि सायलेन्सरच्या बाजूला झाले, खालचा ब्लॉक बरेचदा तोच राहिला. पण "बरेचदा" या शब्दावर सही करायची नाही. तुमचा चॅसिस नंबर टाकून पार्ट कॅटलॉगचं पान छापून मागा. जुन्या नंबराच्या जागी नवा नंबर लागू आहे हे त्यात दिसलं पाहिजे. सोबत एखादा ब्रॅकेट, सेन्सर किंवा पाइप बदलायला सांगितलाय का, तेही त्याच पानावर कळतं. नुसत्या इंजिनाच्या नावावर जाऊ नका. १.३ मल्टिजेट कितीतरी गाड्यांत होतं, पण स्विफ्टला ७५ पीएसचं आणि एर्टिगाला ९० पीएसचं. टर्बोच वेगळा.

मला खरी भीती वाटते ती नव्या ब्लॉकवर चढणाऱ्या जुन्या भागांची. बेअरिंगचा कीस चेंबरमध्येच थांबत नाही. तेच तेल वर हेडमधल्या (सिलिंडरवरच्या झाकणातल्या) कॅमपर्यंत, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत जातं, टर्बोच्या शाफ्टमध्ये जातं, ऑइल कूलरच्या बारीक वाटांत जाऊन बसतं. कूलर धुऊन साफ होत नाही, नवाच हवा. टर्बोचे ऑइल पाइपही नवे, आणि टर्बो खोलून शाफ्टचा खेळ तपासायचा. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, त्यात कॅम बसतो त्या जागांवर चरे असतील तर हेड बाद. व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या टॅपेटमध्येही कीस अडकतो. एवढं न करता जुनं हेड आणि जुना कूलर चढवला, तर नवं इंजिन पहिल्या काही हजार किलोमीटरमध्येच जुन्याच्या वाटेने जाऊ शकतं.

आणखी एक गोष्ट फार कमी जण विचारतात. डिझेलचं हेड गॅस्केट वेगवेगळ्या जाडीचं येतं. पिस्टन ब्लॉकच्या पातळीच्या किती वर येतात ते डायल गेजने मोजून जाडी ठरवायची असते. ब्लॉक नवा म्हणजे माप नवं. जुन्या गॅस्केटवरच्या खुणा बघून तसंच मागवलं तर चूक होऊ शकते. जॉब कार्डवर ते माप लिहायला लावा. हेड बोल्ट नवेच.

इंजेक्टर जुनेच राहणार असतील तर ते आपापल्या सिलिंडरवरच परत बसले पाहिजेत. प्रत्येकावर कोड छापलेला असतो आणि इसीएममध्ये तो सिलिंडरप्रमाणे भरलेला असतो. अदलाबदल झाली की गाडी थरथरते, धूर येतो, आणि मग सगळे नव्या इंजिनाला दोष देतात.

टेक्सासकर
किसाच्या मुद्द्याला जोडून. इथे अमेरिकेत टोयोटाने २०२४ मध्ये सुमारे १ लाख २ हजार टुंड्रा आणि लेक्सस एलएक्स परत बोलावल्या. कारखान्यातच इंजिनात राहिलेला धातूचा कीस मेन बेअरिंगपर्यंत जात होता. म्हणजे कोऱ्या इंजिनातही कीस एवढं करू शकतो. इथे तर तो जुन्या भागांतून नव्यात जायची वाट मोकळी आहे. पाना_तेरा यांचं म्हणणं अगदी मनावर घ्या.

अनुजा_सांगली
कागदपत्रांचं मी सांगते, हे काम रोज बघते.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. इंजिन बदललं की १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची. त्यासाठी डीलरकडून जुना आणि नवा इंजिन नंबर लिहिलेलं पत्र घ्या, आणि इंजिनाचं बिल घ्या. वॉरंटीमुळे रक्कम शून्य असली तरी बिल हवंच. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची ना हरकत लागेल. बदललेल्या ब्लॉकवर कधी वेगळा नंबर असतो, कधी जागा कोरी असते. कोरी असेल तर परस्पर जुना नंबर ठोकून घेऊ नका, काय करायचं ते आधी आरटीओला विचारा. नंतर विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर दुरुस्ती करून घ्या. अपघाताच्या क्लेमला सर्वेक्षक नंबर पडताळतो, तेव्हा ही नोंद नसली तर माणूस हैराण होतो.

गाडी विकताना किंमत पडेल अशी भीती असेल तर हीच फाइल कामी येते. इंजिन कंपनीनेच वॉरंटीत बदललंय हे कागदावर असलं की गिऱ्हाईक बिचकत नाही.

गोदाकाठ
अनुजाताई, पाना_तेरा दादा, मनापासून आभार. आज वर्कशॉपमध्ये जाऊन विचारलं. कॅटलॉगचं पान दिलं, त्यात आमच्या चॅसिसला नवा नंबर लागू दिसतोय, सोबत ऑइल सेन्सरही बदलायचा आहे. ऑइल कूलर मात्र "मंजुरीत नाही" म्हणतात, स्वच्छ करून लावू म्हणाले. डीपीएफबद्दल (सायलेन्सरच्या बाजूला धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरबद्दल) कुणी काहीच बोललं नाही.

पाना_तेरा
सेन्सरचं कळलं, हे छान झालं. कूलरवर अडून बसा. बिघाड बेअरिंगचा आहे, कूलर बदलणं त्याच दुरुस्तीचा भाग आहे, हे ईमेलवर लिहा आणि हेड तपासल्याचा अहवालही त्यातच मागा. डीपीएफचं विचारलंत ते बरं केलंत. आधी गाडी तेल पीत होती का? जळलेल्या तेलाची राख डीपीएफमध्ये साठते आणि रीजनरेशनने (गाडी आपोआप काजळी जाळून फिल्टर साफ करते त्याने) ती जात नाही. दाबाचं रीडिंग स्कॅनरवर बघायला सांगा. डोंगरवाटा म्हणतात तसं पूर्ण इंजिन मिळालं तर उत्तमच, पण हेड खरोखर तपासलं आणि कूलर नवा दिला तर शॉर्ट इंजिनही चालेल.

अनुजा_सांगली
ईमेल डीलरला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला, दोघांना एकदम करा. बदललेल्या भागाची वॉरंटी नव्याने सुरू होते की मूळ वॉरंटी संपेल तेव्हाच संपते, हे त्याच ईमेलमध्ये विचारा. बऱ्याच कंपन्यांच्या अटींत उरलेलीच मुदत असते. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा.

गोदाकाठ
हो, गेल्या वर्षभरात दोन सर्व्हिसिंगच्या मधे तेल भरावं लागायचं, त्याची नोंद सर्व्हिस बुकात आहे. ईमेलला तेही जोडते. इंजिन यायला अजून वेळ आहे. तोवर सही करत नाही.

पाना_तेरा
जुनं इंजिन उतरवण्याआधी इंजेक्टरवरच्या कोडचे फोटो काढून ठेवा, सिलिंडरच्या क्रमाने. ब्लॉकवरच्या नंबराचाही एक काढा.