युगांडाने मंजूर केलेल्या अभ्यासावर बाहेरच्यांनी बोलावं का?

वाकडी वाट

युगांडात आरोग्याचा किंवा समाजशास्त्राचा कुठलाही अभ्यास करायचा तर तो तिथल्या राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान परिषदेत नोंदवावा लागतो. आरोग्याचा असेल तर 'एचएस', सामाजिक असेल तर 'एसएस', आणि पुढे क्रमांक. त्याआधी परिषदेची मान्यता असलेल्या एखाद्या एथिक्स कमिटीची मंजुरी हवी, मग ती मकेरेरे विद्यापीठाची असो की एंटेबेच्या विषाणू संशोधन संस्थेची. औषधाची चाचणी असेल तर औषध प्राधिकरणाची परवानगी वेगळी. एवढं सगळं जमवून गावात पाय ठेवण्याआधी जिल्ह्याच्या कमिशनरपुढे पत्र घेऊन उभं राहायचं.

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी "आफ्रिकेत काय, गरिबांवर प्रयोगच चालतात" असं एका वाक्यात उरकलं आणि खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. मला हे पटत नाही. १९९७ मध्ये काही अमेरिकन डॉक्टरांनी ओरड केली होती की आईकडून बाळाला होणारी एचआयव्हीची लागण रोखण्याच्या चाचण्यांत प्लासिबो गट (औषध नसलेली रिकामी गोळी मिळणारा गट) ठेवणं अनैतिक आहे. तेव्हा युगांडाच्या एड्स संशोधन समितीचे अध्यक्ष एडवर्ड म्बिड्डे यांनी अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेला पत्र लिहून ठणकावलं की हे युगांडाचे अभ्यास आहेत, युगांडाचे संशोधक आपल्याच माणसांवर, आपल्याच माणसांच्या भल्यासाठी ते करताहेत. पैसा तुमचा आहे म्हणून अभ्यास तुमचा होत नाही. या माणसाला आपल्या देशातलं कळत नव्हतं आणि बोस्टनला बसलेल्या, 'न्यू इंग्लंड जर्नल' या वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकांना कळत होतं?

ज्या देशाची माणसं, त्या देशाची समिती. तिने शिक्का मारला की बाहेरच्यांनी उपदेश बंद करावा. बोला.

चावडीवरचा

धागा शंभरी गाठणार. चहा टाकलाय.

निशिगंध

शिक्का मारला की विषय संपतो? मग राकाईचं काय करायचं?

व्हिक्टोरिया सरोवराच्या पश्चिमेचा हा जिल्हा. युगांडात एड्सचा पहिला मोठा तडाखा इथेच बसला. तिथल्या अभ्यासाचा एक लेख मार्च २००० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये आला. त्यात ४१५ जोडपी होती, प्रत्येकात एकाला एचआयव्ही आणि दुसऱ्याला नाही. साधारण दर दहा महिन्यांनी टीम घरी जाऊन रक्त घ्यायची, जास्तीत जास्त ३० महिने. तेवढ्या काळात ९० जोडीदारांना लागण झाली.

निष्कर्ष मोलाचा होता, ते मी नाकारत नाही. ज्यांच्या रक्तात मिलीलिटरमागे विषाणूच्या प्रती १५०० हून कमी, त्यांच्यापैकी एकाकडूनही जोडीदाराला लागण झाली नव्हती. 'औषध नीट घेतलं, विषाणू रक्तात सापडेनासा झाला, तर तुमच्याकडून कुणाला लागण होत नाही' असं आज आपण पेशंटला छातीठोकपणे सांगतो, त्याचा पाया इथे घातला गेला.

पण त्या घरात उभं राहून बघा. कुणाला लागण आहे हे टीमच्या नोंदीत आहे. शेजारी बसलेल्या बायकोला ते माहीत नाही, कारण नवऱ्याने स्वतः सांगितलं तरच तिला कळणार असा नियम. कंडोम फुकट, समुपदेशन फुकट, एचआयव्हीचं औषध मात्र कुणालाच नाही. त्याच अंकात जर्नलच्या संपादक मार्सिया एंजेल यांनी संपादकीयात लिहिलं की असा अभ्यास अमेरिकेत होऊच शकला नसता. आणि या अभ्यासाला मंजुरी होती, युगांडातलीही आणि अमेरिकेतलीही. वाकडी वाट, तुमच्या हिशेबाने एंजेल बाईंनी गप्प बसायला हवं होतं का?

वाकडी वाट

गप्प नाही. पण अर्धीच गोष्ट सांगू नये. टीम ४१५ जोडपी समोर मांडून 'बघू आता कोणाला होतं' म्हणत बसली नव्हती. मूळ अभ्यास गुप्तरोगांवर गावच्या गाव एकदम उपचार करून एचआयव्ही कमी होतो का, याचा होता. ही जोडपी नंतर त्याच नोंदींमधून शोधली, आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाणही साठवलेल्या रक्तावर मागाहून मोजला. एचआयव्हीवरची औषधं तेव्हा राकाईत कुठल्याच दवाखान्यात नव्हती. जोडीदाराला परस्पर न सांगण्याचा नियम युगांडाचा होता आणि त्याला कारण होतं. सांगितल्यावर बाईला घराबाहेर काढायला किती वेळ लागतो? बाधित नेहमी नवराच असतो हे तुम्ही कशावरून धरलंत?

निशिगंध

धरलं नाही, उदाहरण दिलं. बाई बाधित असली तर तिला घराबाहेर काढतील, पुरुष बाधित असला तर बायकोला पत्ता लागू देणार नाहीत. दोन्हीकडून बाईच भरडली जाते आणि समितीच्या कागदावर दोन्हीला 'गोपनीयता' म्हणतात. औषधं राकाईत नव्हती हे खरं. रक्त तपासायला लागणारा पैसा मात्र अमेरिकेतून येत होता.

अनुस्वार

कंपालात, युगांडाच्या राजधानीत, बरीच वर्षं काढली आहेत, तिथल्या एका सेंटरवर ट्रायल मॉनिटर होते, म्हणजे चाचणी नियमाने चालते का ते तपासायचे. सेंटरचं नाव सांगत नाही.

तुम्ही दोघं कमिटीबद्दल भांडताय. कमिटीत काय मंजूर होतं आणि टेबलावर काय घडतं, हे बघितलंय म्हणून लिहिते. संमतीपत्र तिथल्या लुगांडा भाषेत असतं, बऱ्याच पानांचं. वाचता न येणाऱ्या बाईला नर्स ते मोठ्याने वाचून दाखवते, शेजारी साक्षीदार, शेवटी अंगठा. एक नर्स होती, तिची पद्धत अशी की वाचून झालं की कागद पालथा घालायचा आणि बाईलाच विचारायचं, "आता तू सांग, तुला मिळणारी गोळी खरी असेल की रिकामी?" एकदा एक बाई म्हणाली, "डॉक्टरला माहीत असेल ना, तो मला बघून देईल." नर्सने कागद सुलटा केला आणि पहिल्या पानापासून परत सुरुवात केली. बाहेर रांग, भर दुपार, आणि हिचं आपलं चाललंय. तिसऱ्या वेळी ती बाई म्हणाली, "म्हणजे कोणालाच माहीत नाही?" तेव्हा कुठे शाईचा पॅड पुढे आला.

शेजारच्या टेबलावर तेवढ्याच वेळात चार-पाच अंगठे उमटले होते. दोन्ही टेबलांवर कागद एकच, मंजुरीही तीच. ऑडिटला आम्ही सह्या, तारखा आणि फॉर्मची आवृत्ती तपासायचो. त्यात दोन्ही टेबलं पास.

चावडीवरचा

भारतात संमतीचा व्हिडिओ काढायला लावला होता ना २०१३ मध्ये, सुप्रीम कोर्टाने दट्ट्या दिल्यावर? तसं काही तिकडे?

अनुस्वार

आमच्याकडे नव्हतं. आणि व्हिडिओने तरी काय होतं, बाई मान डोलावते ते दिसतं.

बालाघाट

युगांडापर्यंत कशाला जायचं? आमच्या उस्मानाबादला या. म्हणजे आता धाराशिवला.

१९९९ च्या अखेरीस जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची मोठी चाचणी सुरू झाली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट. काही गटांत एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) तपासणी, काहींत पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन तपासणं), काहींत नुसतं ॲसिटिक ॲसिड लावून बघणं. आणि चौथ्या भागात काहीच तपासणी नाही, फक्त माहिती आणि 'तपासणी इथे मिळते' एवढं सांगणं. २००९ मध्ये त्याच 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये लेख आला. एचपीव्ही तपासणीच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू, तपासणी नसलेल्या गटात ६४. निष्कर्ष जगभर गाजला. आणि नंतर टीकाही झाली, की पॅप तपासणी उपयोगी आहे हे जगाला आधीपासून माहीत असताना हजारो बायका बिनतपासणीच्या का ठेवल्या.

वाकडी वाट यांच्या नियमाने इथेही बाहेरच्यांनी बोलू नये. समित्यांची मंजुरी होती, राबवणारे डॉक्टर आपले, बार्शीचे. पण आमच्या भागातल्या बाईला ठरवणारे मुंबईचे काय आणि परदेशातले काय, सारखेच बाहेरचे. 'आपल्याच देशाची समिती' म्हणताना यातलं 'आपलं' कोण, हे एकदा सांगा.

वाकडी वाट

चांगला मुद्दा, पण तो माझ्याच बाजूचा आहे. त्या गटातल्या बायकांना चाचणी नसती तरी काय मिळत होतं? तेव्हा जिल्ह्यात तपासणीची सोय होती का? जे तिथे मुळात नाही, ते तुलनेसाठीच्या (कंट्रोल) गटाला दिलं नाही म्हणून संशोधकाला फासावर लटकवायचं, आणि ज्या सरकारने ते कधीच दिलं नाही त्याला कुणी विचारायचं नाही. एंजेल बाईंसारख्यांच्या लेखणीला संशोधक सापडतो, कारण तो कागदावर असतो.

कंपालातलंच एक उदाहरण देतो. एचआयव्ही असलेल्या आईला प्रसूतीच्या वेळी नेव्हिरॅपिन या एचआयव्हीवरच्या औषधाची एक गोळी आणि बाळाला एक डोस, ही चाचणी मुलागो हॉस्पिटलमध्ये झाली. १९९९ मध्ये 'लान्सेट'मध्ये आली. त्यातही आधी प्लासिबो गट होता, थायलंडच्या चाचणीचा निकाल आल्यावर १९९८ मध्ये बंद केला. साडेतीन-चार महिन्यांच्या बाळांत लागण झिडोव्हुडिन या आधीच्या औषधाच्या गटात २५ टक्के, नेव्हिरॅपिनच्या गटात १३. अमेरिकेत सिद्ध झालेला झिडोव्हुडिनचा पूर्ण कोर्स गरोदरपणापासून सुरू व्हायचा, प्रसूतीत शिरेतून द्यावा लागायचा आणि खर्च शेकड्यांत डॉलर. ही जोडी चार डॉलरमध्ये. बोस्टनचं ऐकून 'अमेरिकेतली उत्तम पद्धतच वापरा, नाहीतर चाचणीच नको' म्हणत बसले असते तर?

निशिगंध

नेव्हिरॅपिनबद्दल सहमत. म्हणजे बघा, प्लासिबो गट काढला आणि तरी उत्तर मिळालं. मला इतकंच म्हणायचंय.

रानवारा

सगळे 'एचएस'वरच भांडताय. 'एसएस'चं काय? २०२३ मध्ये युगांडाने समलैंगिकताविरोधी कायदा केला. त्यात एक कलम होतं की असा गुन्हा कळला तर पोलिसांना सांगणं बंधनकारक. आता समजा तुम्ही कंपालात समलैंगिक पुरुषांच्या मुलाखती घेताय, दवाखान्यात ते का येत नाहीत हे शोधताय. तुमच्याकडे परिषदेचा 'एसएस' क्रमांक आहे. मुलाखत देणाऱ्याला तुम्ही कोणत्या तोंडाने सांगणार की तुझं नाव बाहेर जाणार नाही? एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने हे कलम रद्द केलं, बाकीचा कायदा बराचसा तसाच ठेवला. म्हणजे मधले दहा महिने एक सरकारी हात गोपनीयतेची हमी मागत होता आणि दुसरा त्याच माणसाची खबर.

देशाची समिती ही देशाच्या सरकारपासून वेगळी आहे, हे या धाग्यात सगळ्यांनी गृहीत का धरलंय?

वाकडी वाट

हा कायद्याचा प्रश्न आहे, समितीचा नाही. आणि ते कलम कोणी उडवलं? युगांडाच्याच न्यायाधीशांनी, युगांडाच्याच लोकांनी लावलेल्या खटल्यात.

रानवारा

आणि त्याच न्यायाधीशांनी बाकीचा ठेवला. असो.

मुळशीकर

जरा आजच्या काळात या. लेनाकापाविर, एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या ५,३३८ मुली-बायका, वय १६ ते २५. ज्यांना हे इंजेक्शन मिळालं त्या २,१३४ जणींत एचआयव्हीची लागण शून्य. २०२४ चा निकाल. चाचणी लवकर थांबवून सहभागी असलेल्या सगळ्यांना इंजेक्शन देऊ केलं. इथवर छान.

आता पुढचं. ते बनवणाऱ्या अमेरिकेच्या गिलियड कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये १२० देशांसाठी स्वस्त आवृत्ती बनवायचे परवाने दिले, त्यात आपल्या पुण्याची एमक्योर आहे. २०२७ पासून वर्षाला ४० डॉलरमध्ये मिळेल अशी घोषणा डॉ. रेड्डीज आणि हेटेरोबाबत झाली आहे. अमेरिकेतली किंमत २८ हजार डॉलरच्या वर. युगांडा यादीत आहे. पण याच औषधाच्या दुसऱ्या चाचणीत ब्राझील, मेक्सिको, पेरू, अर्जेंटिनाच्या लोकांनी भाग घेतला आणि हे चारही देश यादीत नाहीत. तिथल्या समित्यांनीही मंजुरी दिलीच होती की. दिली तेव्हा पुढच्या किमतीचा कागद त्यांच्यासमोर होता का?

अनुस्वार

युगांडाच्या फॉर्ममध्ये 'चाचणीनंतर औषध मिळणार का' असा भाग असायचा. उत्तर बहुधा एका वाक्याचं, 'प्रायोजकाशी चर्चा सुरू आहे'. ते लुगांडात वाचताना नर्स कधीच अडखळायची नाही.

वाकडी वाट

मग समितीने ते वाक्य परत पाठवावं. तो अधिकार तिचाच आहे, ब्राझीलमध्येही आणि कंपालातही. बोस्टनमधून कुणी ते करून देणार नाही.

निशिगंध

परत पाठवलं आणि प्रायोजक चाचणी घेऊन शेजारच्या देशात गेला तर?

चावडीवरचा

चहा संपला. दुसरा टाकतो, तोवर वाकडी वाट यांनी उत्तर द्यावं.