अनुभव धागा: आखातातनं परत आलेल्यांनो, सरकारकडनं नक्की काय मिळालं?

अशोकचौक (धागाकर्ता):
मंडळी, सोलापुरात पूर्व भागात जा, विजापूर वेशीकडं जा नाहीतर नई जिंदगीला जा, प्रत्येक बोळात कोणतरी सौदी, कुवेत, मस्कतला असतंय. यंत्रमाग बसत गेले तशी ही संख्या वाढली असं माझं मत. माझा चुलतभाऊ नुकताच परत आलाय, शेवटचे पगार बुडाले त्याचे. त्याला काही मिळतंय का बघायला गेलो तर जो तो योजनांची नावं सांगतोय, अनुभव कोणीच सांगत नाही. म्हणून हा धागा. तुमच्यासोबत किंवा घरच्यांसोबत जे खरंच घडलं तेवढंच लिहा. कंपनी, एजंट, हापिस यांची नावं नकोत.

शटरिंगवाला:
मी ओमानला होतो. दहावी नाही त्यामुळं पासपोर्ट ईसीआर, म्हणजे आखात धरून ठरावीक देशांत कामाला जायचं तर आधी सरकारची परवानगी. एजंट लायसनवाला होता, ई-मायग्रेटवर (परदेशी कामाला जाणाऱ्यांचं सरकारी पोर्टल) सगळं रीतसर झालं आणि त्यातच प्रवासी भारतीय विमा निघाला. दोन वर्षांचे २७५ रुपये अधिक जीएसटी, तीन वर्षांचे ३७५. बायकोनं पॉलिसीचा फोटो काढून ठेवलता तोच पुढं कामाला आला. पहिल्याच वर्षी बांधकामाच्या पहाडावरनं (परांचीवरनं) पडलो, टाचेचं हाड गेलं, कंपनीच्या डॉक्टरनं अनफिट लिहून दिलं आणि घरी धाडलं. सगळे म्हणायले आता १० लाख मिळणार तुला! तसं नसतंय ओ. १० लाख अपघाती मृत्यूला किंवा कायमचं अपंगत्व येऊन नोकरी गेली तर. मला परतीच्या तिकिटाचे पैसे मिळाले, तेपण बोर्डिंग पास आणि अनफिटचं शिक्क्याचं पत्र जपून ठेवलं म्हणून. करार पहिल्या वर्षात तुटला तरच तिकीट मिळतंय, नंतर पडलो असतो तर तेपण नाही.

कडकभाकरी:
वरच्या भाऊंचं नशीब म्हणायचं, लायसनवाला एजंट भेटला. आम्हाला भेटला तो हाटेलात बसणारा. "आधी व्हिजिटवर जा, तिथं गेल्यावर कामाचा व्हिसा लावून देतो" म्हणला, सव्वा लाख रोख घेतले, पावती नाही. कायद्यानं एजंटला ३० हजार अधिक जीएसटी एवढीच फी घेता येते हे मला दुबईत कळलं, तेपण खोलीतल्या एका मल्याळी माणसाकडनं. व्हिजिटवर गेलेला माणूस सरकारच्या हिशोबात कामगार नसतोच, मग विमा नाही, करार नाही, ई-मायग्रेटवर नाव नाही. व्हिसा संपल्यावर दिवसाला ५० दिरहम दंड चढत राहतो, आणि मालकाला ते माहीत असतंय म्हणून तो पगार देत नाही, जा म्हणतो पोलिसाकडं. २०२४ ला सप्टेंबर ते डिसेंबर यूएईनं माफी दिली तेव्हा सुटलो. आपल्या कॉन्सुलेटची (भारतीय वकिलातीची) माणसं फॉर्म भरायला मदत करत होती, नीट बोलत होती, खोटं का सांगू. दंड माफ झाला, परत यायला बंदी पण नाही लागली. पगार मात्र गेला तो गेलाच, कारण मी तिथं काम केलं याचा एक चिटोरा माझ्याकडं नव्हता.

सातरस्ता:
@कडकभाकरी एजंटवर केस कर की बे.

कडकभाकरी:
कशावर करू? पावती नाही, नंबर बंद. पोलीस ठाण्यात अर्ज देऊन आलोय, पोच तेवढी आहे.

साखरपेठेची_लेक:
माझ्या काकांचं सांगते. ते सौदीत टेलरिंगला होते, तिथंच हार्ट अटॅकनं गेले. मालकानं हात वर केले, बॉडी पाठवायचा खर्च देत नाही म्हणाला. आम्ही परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार टाकली. दूतावासाकडं इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड असतो (२००९ पासून आहे), त्यातनं मृतदेह आणायचा खर्च झाला, आम्हाला रुपया मागितला नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण सरकार काहीच करत नाही म्हणणारे खूप आहेत आणि या एका बाबतीत ते खरं नाही. बॉडी हैदराबादला उतरवून घेतली, मुंबईपेक्षा तिथनं सोलापूर जवळ, ॲम्ब्युलन्स तेवढी आमची.

खरा ताप आधी कागदांचा झाला. आमच्या तेलुगू लोकांत घराण्याचं नाव आधी लावतात. पासपोर्टवर त्याचं नुसतं इनिशियल, आधारवर पूर्ण आडनाव शेवटी, रेशनकार्डावर तिसरंच. काकूनं दिलेल्या संमतीपत्रात नाव आधारप्रमाणं टाइप केलं तर तिकडनं परत आलं. पासपोर्टच्या शेवटच्या पानावर बायकोचं नाव असतं, त्या स्पेलिंगनं नवीन स्टॅम्पपेपरवर परत नोटरी केली आणि दोन्ही नावं एकाच बाईची असं ॲफिडेव्हिट जोडलं, मग सरकलं. कंपनीकडची बाकी नंतर दूतावासामार्फत कलेक्टर ऑफिसात आली. तिथं वारस दाखला मागतात. तो आधीच काढायला टाका, पैसे येईपर्यंत थांबू नका.

पूर्वभाग:
ताई, तुमच्यासारखंच आमच्या नात्यात तिकडं तेलंगणात सिरसिल्ल्याकडं झालं. तेलंगणा सरकार गल्फमध्ये वारलेल्याच्या घरी ५ लाख देतं, २०२४ ला जीआर निघालाय. जात एक, धंदा एक, माणूस गेला तोपण एकाच देशात, फक्त घर बॉर्डरच्या अलीकडं म्हणून आपल्याकडच्यांना शून्य. केरळचं तर बोलायलाच नको, नोर्काकडनं (परदेशी गेलेल्या मल्याळींसाठीचं तिथलं सरकारी खातं) परत आलेल्याला धंद्याच्या कर्जावर १५ टक्के सबसिडी, ३ लाखापर्यंत. आपल्याकडं निवडणुकीला कोण या विषयावर बोललंय का कधी?

गड्डायात्रा:
तिकडं गल्फवाल्यांची मतं मोजतात ओ. आपल्या इथं एका वॉर्डातपण कोण मोजत नाही.

चाटीगल्ली:
कोविडमधला अनुभव. वंदे भारतच्या विमानानं कुवेतहून आलो, तिकीट स्वतःच्या खिशातनं, लोकांना वाटतंय फुकट आणलं. आल्यावर 'स्वदेस'चा (परत आलेल्या कामगारांच्या कौशल्याची सरकारी नोंद) फॉर्म भरला, कौशल्य काय, अनुभव किती वर्षं, सगळं लिहिलं. त्यानंतर एक फोन नाही. एसीचा डक्टिंगवाला मी, एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला लागलो. परत जायचं म्हणतोय, यावेळी इलेक्ट्रिकलचा कोर्स करून.

अशोकचौक (धागाकर्ता):
एक शंका, चुलतभाऊ दहावी पास आहे, पासपोर्ट ईसीआर नाही. त्याला विमा होता का?

शटरिंगवाला:
बहुतेक नसणार. त्यांना सक्ती नाही, त्यामुळं एजंट काढतच नाही. दहावी झाला म्हणून परवानगीच्या कटकटीतनं सुटला आणि विम्यातनंपण. पण मदद पोर्टल सगळ्यांना आहे. पगार बुडालाय तर करारपत्र, तिकडचा आयडी, बँकेत आलेले आधीचे पगार जोडून टाक म्हणावं. आणि तिथनं निघताना "सर्व येणं मिळालं" अशा अरबी कागदावर सही घेतलीय का ते आधी विचार, बरेच जण विमानतळावर जायच्या घाईत करून टाकतात.

अशोकचौक (धागाकर्ता):
विचारलं. केलीय म्हणतोय. फोटो आहे मोबाईलमध्ये, अरबी वाचणारं कोण आहे का इथं?

साखरपेठेची_लेक:
आमच्या गल्लीत मदरशात शिकवणारे एक सर आहेत, आमचे कागद त्यांनीच वाचून दिलते. मेसेज करा मला.