सल्ला हवा: आइसलंड, आईबाबांसोबत भटकंती आणि तिथली सेंद्रिय शेती

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

पुढच्या वर्षी आईबाबांना घेऊन आइसलंडला जायचं ठरतंय. आम्ही निफाड तालुक्यातले. घरची द्राक्षबाग आहे आणि गेली नऊ वर्षं बाबा दीड एकरावर भाजीपाला पूर्ण सेंद्रिय करतात. जीवामृत, शेणखत, हिरवळीच्या खताचा धैंचा, सगळं घरचं. बाबा ६७ वर्षांचे, आई ६२ची. आईचा उजवा गुडघा दुखतो, त्यामुळे चढण नको. भाऊ गाडी चालवेल. हातात नऊ दिवस आहेत.

टूर कंपन्यांच्या सगळ्या याद्या धबधबे आणि हिमनद्यांवर संपतात. बाबांचं म्हणणं असं की धबधबे बघूच, पण जिथं उन्हाळा तीन महिन्यांचा, तिथली माणसं औषध न मारता पीक कसं काढतात ते मला शेतात उभं राहून बघायचंय. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून कुठे जायचं ते सांगितलंय, म्हणून मला हे नीट जमवायचंय.

कुठली शेतं बघावीत? कुठल्या महिन्यात जावं? आई शुद्ध शाकाहारी आहे, तिच्या खाण्याचं काय? माहितगारांनी कृपया सविस्तर लिहावं.

वाटसरू७६

जुलैत जा. आम्ही चौघांनी आठ दिवसांत एक नंबरच्या रस्त्याने अख्ख्या बेटाला वळसा घातला, साधारण १३०० किलोमीटर. रात्री अकरालाही लख्ख उजेड असतो, त्यामुळे दिवस मोठा मिळतो. नऊ दिवसांत तुमचं आरामात होईल. शेतीबद्दल मात्र माहिती नाही, आम्हाला वाटेत गवताच्या गुंडाळ्या आणि मेंढ्याच दिसल्या.

हेक्ला_शेजारी

गोदाकाठ, मी आठ वर्षं दक्षिण आइसलंडमधल्या सेल्फॉसला राहते. पहिले दोन हंगाम भाजीच्या हरितगृहात काम केलंय, त्यामुळे काकांचा प्रश्न वाचून फार आनंद झाला. जरा लांबण लागेल.

आधी वाटसरूंच्या सल्ल्याबद्दल. चौघे तरुण असतील तर वळसा जमतो. गुडघा दुखणारी आई आणि शेतात थांबून प्रश्न विचारणारे बाबा असतील तर नको. रोज पाच-सहा तास गाडीत जातील, आणि एक दिवस वारा सुटला की पुढचं सगळं कोलमडेल. त्यापेक्षा दक्षिणेला मुक्काम ठोका आणि दोन रात्रींसाठी विमानाने पूर्वेला जा. राजधानी रेक्याविकच्या शहरातल्या छोट्या विमानतळावरून पूर्वेचं एगिल्सस्टादिर तासाभरावर आहे.

महिना म्हणाल तर ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा मध्य. तुमच्याकडे द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीच्या आधी काका परत पोचतील. इथं तेव्हा बार्ली कापणीला आलेली असते, डोंगरावरच्या मेंढ्या खाली आणतात, आणि रात्र पुन्हा काळोखी होऊ लागल्यामुळे नशिबात असेल तर उत्तरेचा प्रकाशही (नॉर्दर्न लाइट्स) दिसतो. जुलैत तो दिसणं शक्यच नाही.

आता शेतं.

फ्रिदहेमर हे नाव तुम्हाला सगळीकडे दिसेल. टोमॅटोची मोठी हरितगृहं आहेत, वर्षभर पीक चालतं. जमिनीतल्या गरम पाण्याचे पाइप आत फिरवलेत, हिवाळ्यात दिव्यांचा उजेड देतात. परागीभवनासाठी भुंग्यासारख्या जाड, केसाळ बंबल माश्यांच्या पेट्या आणतात आणि किडींवर मित्रकीटक सोडतात. रोपांच्या रांगांमध्येच टेबलं मांडलेली असतात. टोमॅटोचं सूप आणि ताजा पाव, काकूंचं पोट भरेल. फक्त हे आधीच बुक करा. काकांना मात्र सांगून ठेवा की ही जागा उत्तम हरितगृह म्हणून बघायची, सेंद्रिय शेती म्हणून नाही. सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी मुळं मातीत असावी लागतात, आणि इथली बहुतेक मोठी हरितगृहं प्युमिस दगडाच्या चुऱ्यात किंवा तसल्याच माध्यमात रोपं वाढवतात.

सेंद्रियसाठी पहिली जागा सोलहेमर. सेसेल्या सिग्मुंड्सदोत्तिर नावाच्या बाईंनी १९३० साली, वयाच्या २८व्या वाढदिवशी हे गाव वसवलं. आधी निराधार मुलं, मग मतिमंद मुलं त्यांनी सांभाळली, आणि पहिल्यापासून रसायनांशिवाय भाजी पिकवली. उत्तर युरोपात या पद्धतीने शेती करणाऱ्या अगदी पहिल्या लोकांपैकी त्या होत्या. मुलांना भाजी फार खायला घालतात म्हणून अधिकाऱ्यांशी त्यांचे खटके उडाले होते. आज तिथं शंभरेक माणसं राहतात, त्यात अपंगत्व असलेली आणि नसलेली दोन्ही. हरितगृह, वनरोपवाटिका, बेकरी, विणकाम आणि मेणबत्त्यांच्या कार्यशाळा, छोटं कॅफे. सपाट आहे, काकूंना फिरता येईल. मी पाहुण्यांना नेहमी इथं नेते आणि प्रत्येक वेळी दोन तासांचे चार होतात.

दुसरी, आणि माझ्या मते काकांसाठी सर्वांत महत्त्वाची, पूर्वेची वाट्लानेस. (इथे दोन 'एल' एकत्र आले की उच्चार 'ट्ल' होतो, नकाशात शोधताना लक्षात ठेवा.) १९८९पासून सेंद्रिय. हरितगृहाचा टेकू नाही, उघड्या रानात बार्ली, राय, कंदमुळं, कोबीवर्गीय भाज्या. तिथल्या शेतकऱ्यांनी पिकाआधी झाडं लावली, जवळपास दहा लाख. पॉपलर, बर्च, विलो यांच्या रांगा आणि मधल्या पट्ट्यांत शेत. त्या रांगांत शिरलं की वारा थांबतो आणि हवा लगेच ऊबदार लागते. इथल्या पिकाला थंडीपेक्षा वारा जास्त मारतो हे मला त्या दिवशी कळलं. त्याच झाडांच्या लाकडाचं एक घर बांधलंय, उन्हाळ्यात तिथं शेतातल्या मालाचं शाकाहारी जेवण मिळतं. सप्टेंबरात जाणार असाल तर आधी मेल करून विचारा.

गोदाकाठ

हेक्लाताई, किती आभार मानू! बाबांना सगळं वाचून दाखवलं. ते दोनदा म्हणाले, "झाडं आधी लावली, हे बघ." आमच्या बांधावर शेवरी आणि गिरिपुष्प त्यांनी लावलंय, त्यावरून भावकीत बोलणी खाल्लीत.

त्यांचा प्रश्न: एवढ्या थंडीत शेणखत कुजतं का? आणि नत्र (नायट्रोजन) कुठून आणतात?

मातीचा_माणूस

मी कृषी पदवीधर. आइसलंडला गेलेलो नाही, पण ज्वालामुखीच्या मातीवर काम केलंय, म्हणून काकांना उत्तर देतो.

तुमच्या रानात आणि तिथल्या रानात अडचण अगदी उलट आहे. निफाडच्या उन्हात सेंद्रिय पदार्थ भराभर जळतो. कितीही शेणखत घाला, सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आसपास रेंगाळतो. आइसलंडच्या मातीत कर्ब भरपूर असतो, पण थंडीत जिवाणू मंद असल्यामुळे तो कुजत नाही आणि त्यातलं नत्र पिकाला वेळेवर सुटत नाही. माल कोठारात आहे, पण कुलूप लागलंय. शिवाय ज्वालामुखीची राखमाती स्फुरद (फॉस्फरस) घट्ट धरून ठेवते. म्हणून तिथला शेतकरी पूर्ण कुजवलेलं खत, द्विदल पिकं आणि फेरपालट यांवर भर देतो. थंडीचा एक फायदाही आहे, किडींच्या पिढ्या कमी होतात, त्यामुळे औषधाविना भागवणं तुमच्यापेक्षा सोपं जातं. काकांनी नऊ वर्षं नाशिकच्या दमट पावसाळ्यात भुरी-केवड्यासारख्या बुरशीरोगांशी झुंजत जे केलंय, ते त्या मानाने जास्त अवघड आहे. हे त्यांना जरूर सांगा.

हेक्ला_शेजारी

मातीचा_माणूस, फार सुंदर समजावलंत. मी डोळ्यांनी पाहिलेलं जोडते.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मैलोन्मैल ल्युपिन नावाचं झुडूप दिसेल. जूनमध्ये जांभळं फुलतं, सप्टेंबरात हिरवं आणि शेंगांवर असतं. हे इथलं मूळचं नाही. १९४५ साली अलास्काहून बी आणलं, कारण शेकडो वर्षांची जंगलतोड आणि चराईमुळे माती उडून वाळवंट झालं होतं. द्विदल आहे, म्हणजे तुमच्या धैंच्यासारखंच हवेतलं नत्र धरतं. माती बांधली खरी, पण आता बर्चखालच्या आणि बेरीच्या मूळ वनस्पतींवर चढून बसतंय, आणि यावर इथं घराघरांत दोन तट आहेत. मला स्वतःला उघड्या काळ्या वाळूवर ते हवंसं वाटतं आणि बेरीच्या माळावर बघवत नाही.

खतासाठी मेंढ्या-घोड्यांचं लेंडी-लीद खत, मासळीचं खत आणि समुद्री शेवाळ वापरतात. पश्चिमेला रेकहोलरला शेवाळ कापून जमिनीतल्या गरम पाण्याच्या उष्णतेवर वाळवण्याचा कारखाना आहे. काकांना ते नाव ओळखीचं निघेल: द्राक्षवाले जे शेवाळ अर्काचे डबे फवारतात, त्यांवर 'अ‍ॅस्कोफायलम' लिहिलेलं असतं, तेच हे. तुमच्या मार्गावर नाही, तिथं जायचा आग्रह धरू नका.

रानमेवा

मी मागच्या सप्टेंबरात सासूबाईंना घेऊन गेले होते, म्हणून खाण्याचं आणि गुडघ्याचं सांगते.

स्वयंपाकघर असलेलं घरच घ्या. बाहेर जेवण फार महाग पडतं. भाजणी, मेतकूट, पोहे, मूगडाळ नेली की सकाळ-संध्याकाळ निभते. तिथं दूध-दही उत्तम मिळतं, स्कीर नावाचं घट्ट दही सासूबाईंना चक्क्यासारखं वाटलं. पण काही स्कीरमध्ये रेनेट (दूध घट्ट करायचं द्रव्य, बहुधा वासराच्या जठरातलं) असतं, काकू काटेकोर असतील तर पाकिटावर बघून घ्या. लॉगरवात्नला तळ्याकाठच्या गरम काळ्या वाळूत रायचा पाव २४ तास पुरून भाजतात, उकरून काढताना दाखवतात. तो लोण्याबरोबर गरम खायचा.

गुडघ्यासाठी फ्लूदिरचं गरम पाण्याचं जुनं कुंड, १८९१चं. पाणी ३८ ते ४० अंश. आत उतरण्याआधी कपडे काढून साबणाने अंघोळ करणं सगळीकडे सक्तीचं आहे, बायकांची सोय वेगळी असते. हे काकूंना घरीच सांगून ठेवा, तिथं ऐनवेळी कानकोंडं होतं.

सेल्यालँड्सफॉस धबधब्याच्या मागून चालत जाता येतं, पण पायऱ्या ओल्या आणि निसरड्या. स्कोगाफॉसला मात्र काकू अगदी धबधब्यासमोर सपाटीवर उभ्या राहू शकतील. स्ट्रोकुर हा गरम पाण्याचा झरा दर पाच-दहा मिनिटांनी उसळतो, बाकं आहेत. रेनिसफ्यारा किनाऱ्यावर पाण्याकडे पाठ करू नका, लाट अचानक आत येते आणि माणसं गेली आहेत. आणि गाडीचं दार उघडताना धरून उघडा, वाऱ्याने बिजागरी उलटते आणि ते नुकसान साध्या विम्यात बसत नाही.

गोदाकाठ

आई म्हणते, कुंडात नक्की जाणार.

आता कच्चा आराखडा असा: एक रात्र रेक्याविक, तीन रात्री फ्लूदिरजवळ (थिंगवेट्लिर राष्ट्रीय उद्यान, स्ट्रोकुर, गुट्लफॉस धबधबा, फ्रिदहेमर, सोलहेमर), एक रात्र वीककडे, मग विमानाने पूर्वेला दोन रात्री वाट्लानेससाठी, शेवटची रात्र रेक्याविक. चालेल?

आणखी दोन शंका. बाबांना एखाद्या शेतावर दोन दिवस काम करायचंय, पैसे नकोत. आणि मूठभर बार्लीचं बी आणायचंय.

हेक्ला_शेजारी

आराखडा छान. वीकची रात्र धरून ठेवा, पण त्या दिवशी निघण्याआधी रस्त्यांची आणि हवामानाची सरकारी संकेतस्थळं बघा. पिवळा इशारा असेल तर सरळ फ्लूदिरलाच थांबा.

काम करू नका. पर्यटक म्हणून शेंगेन व्हिसावर आलेल्याने जेवण-मुक्कामाच्या बदल्यातसुद्धा शेतावर राबणं परवानगीशिवाय बेकायदा ठरतं, आणि अडचण त्या शेतकऱ्यालाही होते. भेट ठरवून जा, प्रश्न विचारा. काका पाहुणे म्हणून बांधावर बसले तर कुणी उठवणार नाही.

बीही नको. भारतात पेरणीचं बी परवान्याशिवाय आणता येत नाही. त्याऐवजी बार्लीच्या पिठाचं पाकीट घ्या.

एक फार महत्त्वाचं: काकांचे गोठ्यातले, शेतातले बूट-चपला घरीच ठेवा, इथं नवीन बूट घाला. हे बेट शेकडो वर्षं वेगळं राहिलंय, इथल्या घोड्यामेंढ्यांना बाहेरच्या रोगांची सवय नाही. एकदा देशाबाहेर गेलेला आइसलंडी घोडाही परत आणू देत नाहीत. काका शेतकरी आहेत, त्यांना कारण लगेच पटेल.

मेंढ्या खाली आणण्याच्या सोहळ्याला 'रेत्तिर' म्हणतात. गोल वाडा, त्यात चाकाच्या आऱ्यांसारखे कप्पे, आणि कानावरच्या खुणेवरून प्रत्येक जण आपली मेंढी ओढून आपल्या कप्प्यात नेतो. पोरं, म्हातारे, सगळं गाव उतरतं, नंतर गाणी होतात. दिवस प्रत्येक गावाचा वेगळा असतो. तुमच्या तारखा पक्क्या झाल्या की इथंच टाका, सेल्फॉसच्या आसपासचा वाडा मी बघून सांगते.