एसईओ लेखनाचा (गूगलच्या शोधात वर दिसावं म्हणून लिहायचं ते) दर काय सांगू? संध्याकाळपर्यंत कळवायचंय

खानापूरची_मी
आजवर दिवाळी अंक नि पेपरच्या पुरवण्यांत लिहिलंय. आता कोल्हापूरच्या एका चप्पल दुकानाचं काम आलंय. मालकांचा मेसेज: 'फोकस कीवर्ड १५ वेळा, एच२ पाच, मेटा, स्लग, ऑल्ट टेक्स्ट. डीए वाढला पाहिजे. रेट कळवा.' निम्मं डोक्यावरून गेलं. किती सांगू? लवकर सांगा प्लीज.

टिळकवाडीकर
किती लेख? किती शब्दांचे? मराठी की इंग्रजी? कीवर्ड ते देणार की तुम्ही शोधायचे?

खानापूरची_मी
मराठीच हो! दहा लेख, हजार-हजार शब्द. कीवर्डचं काही बोलले नाहीत.

कीबोर्ड_बडव्या
शब्दाला ५० पैसे सांगा नि काम घ्या. मी तसाच सुरू झालो. दर मागनं वाढवता येतो.

टिळकवाडीकर
मागनं कोण वाढवून देत नाही. ५० पैशांनी लेखाचे ५०० झाले, त्यातच मेटा, फोटोंच्या ओळी, नि वर 'जरा बदलून द्या' चार वेळा. मी शब्दावर नाही, लेखावर दर लावतो: हजार शब्दांना २०००, कीवर्ड शोधायचे पैसे वेगळे. दुरुस्ती दोनदा फुकट, तिसऱ्यांदा नाही. निम्मे आगाऊ.

निपाणी_एसईओ
दराचं राहू दे, आधी तो मेसेज बघा. कीवर्ड म्हणजे लोक गूगलवर जे शब्द टाकून शोधतात ते, फोकस कीवर्ड म्हणजे त्यातला लेखाचा मुख्य. स्लग म्हणजे पानाच्या पत्त्यातला शेवटचा तुकडा. एच२ म्हणजे मधली शीर्षकं. ऑल्ट टेक्स्ट म्हणजे फोटोत काय आहे ते सांगणारी ओळ. मेटा म्हणजे पानाबद्दल गूगलला द्यायची माहिती: टायटल, डिस्क्रिप्शन, कीवर्ड. नुसतं 'मेटा' म्हटलं तर कुठलं ते विचारून घ्या. टायटल साधारण ६० अक्षरांत, डिस्क्रिप्शन १५५च्या आसपास बसवायचं, लांबलं तर गूगल निकालात कापून दाखवतं. मेटा कीवर्ड म्हणत असतील तर रँकिंगला ते धरतच नाही, हे गूगलनं २००९ सालीच सांगून टाकलंय.
१५ वेळा हा आकडा गूगलचा नाही. उलट कोंबलं तर स्पॅममध्ये जमा. 'कोल्हापुरी चप्पल हवी तर आमची कोल्हापुरी चप्पल हीच खरी कोल्हापुरी चप्पल', कोण वाचणार ओ हे? आणि डीए, म्हणजे डोमेन ऑथॉरिटी, हे साइटचं वजन सांगणारं माप मॉझ कंपनीचं, गूगलचं नव्हेच. बाहेरच्या साइटींवरून लिंका आल्याशिवाय ते हलत नाही. त्याची हमी घेऊ नका.

कीबोर्ड_बडव्या
मी १५ वेळा घालूनच पहिल्या पानावर आलोय.

निपाणी_एसईओ
कुठल्या कीवर्डला?

कीबोर्ड_बडव्या
आमच्या गावाच्या नावाला.

निपाणी_एसईओ
तिथं स्पर्धा कुणाची असणार!

अथणीचा_गडी
कोल्हापुरी म्हणतात, पण त्या चपला आमच्या अथणीतबी होतात. २०१९ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते महाराष्ट्राचे चार नि कर्नाटकचे चार जिल्हे मिळून, त्यात बेळगाव हाय. हे घाला की लेखात.

हिशेबनीस
क्लायंट महाराष्ट्रात, तुम्ही कर्नाटकात. आंतरराज्य व्यवहार झाला. आधी जीएसटी नंबर काढा.

टिळकवाडीकर
उगाच घाबरवू नका त्यांना. सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, बॉर्डरपलीकडं दिली तरी. वस्तूंचा नियम वेगळा, तो इथं लावू नका.

शहापूरवाली
साइट वर्डप्रेसवर आहे का? थीम बदलायची असेल तर मी स्वस्तात करून देते.

खानापूरची_मी
आत्ता फोन केला. साइट अजून झालीच नाही म्हणे! 'आधी लेख होऊ देत, मग पोराला सांगून करून घेतो.' कीवर्डपण मीच शोधायचे.

निपाणी_एसईओ
मग डीए वाढवायचा कशाचा?!
असो. गूगल अ‍ॅड्सचं खातं काढा, त्यात कीवर्ड प्लॅनर फुकट आहे. देवनागरी नि रोमन, दोन्ही लिपींत तपासा. फोनवर आपली माणसंपण रोमनमध्येच बडवतात. नुसत्या 'कोल्हापुरी चप्पल'वर मोठ्या साइटी ठाण मांडून बसल्यात, तिथं डोकं आपटू नका. 'कोल्हापुरी चप्पल पावसात भिजली तर काय करावं' असले लांब शोध घ्या. एका लेखाला असा एक पुरे.

खानापूरची_मी
लेखाला २००० सांगितले, कीवर्डचे ३००० वेगळे, निम्मे आगाऊ. 'पोराला विचारून कळवतो' म्हणाले. डीएची हमी नाही हेही लिहून पाठवलं.

कीबोर्ड_बडव्या
गेलं काम.

टिळकवाडीकर
आगाऊ देत नसतील तर जाऊ दे गेलं तर.

अथणीचा_गडी
ताई, त्यांच्याकडं अकरा नंबर मिळतो का तेवढं विचारा की.