कामगार कोणाला म्हणायचे हे मालकच ठरवणार असतील, तर ५१ टक्के कशाचे?

तळेगावकर (चर्चाप्रस्ताव)

औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यानुसार आस्थापनेत एकापेक्षा अधिक युनियन असतील, तर हजेरीपटावरील ५१ टक्के कामगार जिच्या पाठीशी आहेत तिलाच व्यवस्थापनाशी बोलणी करण्याचा एकमेव अधिकार मिळतो. महाराष्ट्राच्या १९७१ च्या मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्याने हीच मान्यता सलग सहा महिने किमान ३० टक्के सभासद असण्यावर ठेवली होती. बहुमताच्या अटीला माझा विरोध नाही. हे बहुमत कोणत्या माणसांतून मोजायचे हे व्यवस्थापनाच्या हाती राहते, हा माझा आक्षेप आहे.

चाकण किंवा रांजणगावच्या एखाद्या असेंब्ली लाइनवर कायम कामगार, ठेकेदाराचा माणूस, ट्रेनी आणि मुदतबंद नेमणुकीवरचा मुलगा शेजारीशेजारी उभे राहून एकच काम करतात. पण ठेकेदाराचा माणूस ठेकेदाराच्या हजेरीपटावर असतो. त्याने १९७१ च्या कायद्याखाली दाद मागायचे ठरवले, तर कंपनी ‘हा आमचा कामगारच नाही’ असे म्हणते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ मधील सिपला निकालानंतर कंपनीशी असलेले मालक-कामगार नाते आधी दुसरीकडे सिद्ध करून यावे लागते आणि त्यात वर्षे जातात. पर्यवेक्षकाचे काम करणारा आणि १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारा माणूस तर संहितेच्या व्याख्येतूनच बाहेर पडतो, त्यामुळे युनियनची कुजबुज सुरू होताच काही कामगारांची पदनामे बदलतात.

पूर्वी विरोध उघड असे: आरोपपत्र, निलंबन, लांबची बदली. त्याविरुद्ध औद्योगिक न्यायालयात निदान बोट ठेवता येत असे. १९७१ च्या कायद्याची अनुसूची वाचली, तर ऐन संघटना बांधली जात असताना ती मोडण्यासाठी दिलेली पगारवाढसुद्धा अनुचित प्रथा ठरवलेली दिसते. एवढ्या बारकाईने मालकांच्या चाली नोंदवणाऱ्या कायद्याला हजेरीपटाच्या या वाटणीवर मात्र उत्तर सापडत नाही.

भोसरीचा लघुउद्योजक

आपण वर्णन केलेली परिस्थिती खरी आहे, पण तिचा दोष एकट्या मालकावर टाकणे मला मान्य नाही. २०१३ साली बजाज ऑटोच्या चाकण कारखान्यातला संप सुमारे ५० दिवस चालला. एक रुपया दराने प्रत्येकी ५०० शेअर मिळावेत ही त्यातली एक मागणी होती आणि शेवटी संप बिनशर्त मागे घ्यावा लागला. असा संप होतो तेव्हा सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यांची ऑर्डर त्याच दिवशी थांबते, बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. आमच्याकडच्या कामगारांना त्या वाटाघाटीतून एक पैसाही मिळायचा नसतो.

दुसरे असे की, दर तीन वर्षांनी होणाऱ्या वेतन करारात कायम कामगारांची घसघशीत वाढ पदरात पाडून घेणाऱ्या किती युनियन त्याच टेबलावर ठेकेदाराच्या माणसाचा विषय काढतात? त्याला बाहेर ठेवण्यात अनेकदा दोन्ही बाजूंची मूक संमती असते.

गिरणगावची लेक

मान्यतेचा आकडा ३० असावा की ५१, या वादाआधी तो मोजायचा कसा हे ठरले पाहिजे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा त्यांनी नेता म्हणून डॉ. दत्ता सामंत यांना निवडले होते. पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली प्रतिनिधी संघटना होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. त्यामुळे गिरणीमालकांना कामगारांच्या खऱ्या नेत्याशी बोलण्याची गरजच उरली नाही, आणि कायद्याने दिलेली मान्यता हीच त्यांची ढाल झाली. त्या संपाच्या काही मागण्या आणि डावपेच यांवर टीका होऊ शकते, पण गुप्त मतदान झाले असते तर निदान कोण कोणाच्या वतीने बोलतो आहे याचा निकाल लागला असता. तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही, आणि आमच्या चाळींतल्या घरांनी त्याची किंमत पुढची कित्येक वर्षे मोजली.

मनुष्यबळ विभागातून

व्यवस्थापनाचा आक्षेप कामगारांशी बोलण्याला नसतो, कारखान्याशी संबंध नसलेल्या बाहेरच्या पुढाऱ्याला असतो. अंतर्गत कामगार समितीशी चर्चा केली तर पगाराचे, कँटीनचे, बसचे प्रश्न लवकर सुटतात. शिवाय संहितेत ५१ टक्के कोणाकडेच नसतील, तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या युनियनची वाटाघाटी परिषद बनते, म्हणजे लहान युनियनचा आवाज पूर्ण बंद होत नाही.

तळेगावकर

परिषदेचा मुद्दा योग्य आहे, पण ती २० टक्केही त्याच हजेरीपटातून मोजली जाते. बाहेरच्या पुढाऱ्यांवर तर ट्रेड युनियन कायद्याच्या २००१ च्या दुरुस्तीपासूनच मर्यादा आहे: एकूण पदाधिकाऱ्यांच्या एक तृतीयांश किंवा पाच, यांपैकी जे कमी असेल तितकेच. अंतर्गत समितीचे म्हणाल, तर चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरच्या सॅमसंग कारखान्याकडे पाहा. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेला संप ३७ दिवस चालला. तो चालू असतानाच कंपनीने संपकरी युनियनला वगळून कामगार समितीशी करार केला. युनियनच्या नोंदणीला तिच्या नावात ‘सॅमसंग’ आहे म्हणूनही हरकत घेतली गेली, आणि प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेल्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये नोंदणी मिळाली. समितीचे सभासद व्यवस्थापनाच्या मर्जीवर बसत असतील, तर त्यांच्याशी झालेल्या बोलण्याला सामूहिक वाटाघाटी म्हणता येणार नाही.

भोसरीच्या मित्रांचा दुसरा आरोप मला बोचला, कारण तो खरा आहे. म्हणूनच माझी मागणी अशी आहे की, मुख्य उत्पादन लाइनवर काम करणारा प्रत्येक माणूस, मग त्याचा पगार कोणीही देवो, मान्यतेच्या मोजणीत धरावा आणि ती मोजणी गुप्त मतदानानेच व्हावी.

भोसरीचा लघुउद्योजक

गुप्त मतदान मलाही मान्य आहे. परंतु ठेकेदाराच्या माणसाला मोजणीत धरले, तर उद्या वेतनात धरावे लागेल, आणि तो भार मोठी कंपनी सुट्या भागांचे दर कापून आमच्यावर ढकलेल. आम्हा पुरवठादारांची तिच्यापुढे वाटाघाटी करण्याची ताकद एकट्या कामगारापेक्षा फार वेगळी नाही. करारात मजुरी वाढेल त्या प्रमाणात भागाचा दर वाढवण्याचे कलम आले, तर या मागणीवर मी तुमच्याबरोबर सही करीन.