माळ्यावरचा फोटो

मानसी: सासूबाईंच्या माळ्यावर हा फोटो सापडला. मागे पेन्सिलीने 'हार्वेस्ट, नॉर्थ डकोटा' एवढंच, साल नाही. नाना, तुम्ही कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात होतात, जरा बघा ना.

बंड्या: रेल्वेचं इंजिन शेतात कसं घुसलं? 😄

नाना: बंडोपंत, रूळ दिसतायत का कुठे? मागची चाकं बघ, माणसाच्या छातीला लागतील एवढी, वर रुंद पट्ट्या. शेतातलंच वाफेचं इंजिन आहे. मानसी, धुराड्याखालचं गोल झाकण मोठं करून टाक.

मानसी: त्यावर पक्षी आहे. गरुड!

नाना: मग 'केस' कंपनीचं, विस्कॉन्सिनमधल्या रसीनचं. तिकडच्या यादवी युद्धात आठव्या विस्कॉन्सिन पलटणीबरोबर 'ओल्ड एब' नावाचा खराखुरा गरुड असायचा. तोच यांनी छाप म्हणून उचलला.

अक्काआत्या: पण हार्वेस्ट म्हणजे कापणी ना? मग कापतंय कोण? सगळे नुसते उभे.

नाना: बरोबर पकडलंस अक्का! कापणी नाहीच ती, मळणी आहे. इंजिनाच्या कुशीतल्या मोठ्या फिरत्या चाकावरून (जमिनीवरच्या नव्हे) पट्टा निघालाय बघ, मध्ये पीळ घातलेला, थेट त्या लांबट पेटाऱ्यापर्यंत, तेच मळणीयंत्र. शंभरेक फूट तरी असेल. पीळ दिला की कमी फडफडतो. आणि इंजिन लांब ठेवायचं, ठिणगीने पेंढा पेटू नये म्हणून. कॅलिफोर्नियात डॅनियल बेस्टने १८८९ च्या सुमारास कापणी-मळणीचं एकच यंत्र वाफेच्या इंजिनामागे जुंपलं होतं. ते असतं तर हा पट्टा दिसलाच नसता.

बंड्या: आणि साल?

नाना: पेटारा लाकडी की पत्र्याचा?

मानसी: पत्र्याचा. रिव्हेटच्या रांगा स्पष्ट दिसतायत.

नाना: मग १९०४ च्या आधीचा नाही. केसने पोलादी मळणीयंत्र तेव्हा आणलं.

अक्काआत्या: ते राहू दे. वीसएक गडी दिसतायत, एवढ्यांचा स्वयंपाक कोण करत होतं?

मानसी: सासूबाईंना विचारलं. म्हणे पणजीबाईच, दिवसाला पाच वेळा खाणं. इंजिनाची शिट्टी झाली की ताटं तयार हवीत.

अक्काआत्या: आणि फोटोत ती कुठेच नाही.

मानसी: आहे आत्या! डावीकडे कडेला, पांढरा एप्रन. अर्धी कापली गेलीय.

नाना: मागे तिचं नाव लिही. आणि 'मळणी' लिही. पेन्सिलीनेच हं, शाई पुढे उमटते.