मदत हवी आहे: मारुती ८०० मागून कापून मळ्यासाठी ट्रेलर करायचाय, कुठून कापू?

नमस्कार मंडळी, वडिलांची १९९७ ची मारुती ८०० चार वर्षं शेडमागे उभीये. इंजिन जाम, आरसीची मुदत कधीच संपलेली, वायरिंग उंदरांनी खाल्लं आणि पुढचा फ्लोअर गंजानं. भंगारवाला जो आकडा सांगतो तो ऐकून वडील त्याला चहा न पाजता घालवतात. मागचा भाग मात्र अजून ठणठणीत आहे, म्हणून डोक्यात आलं की अर्धी कापून छोट्या ट्रॅक्टरमागं जोडावी.

द्राक्षबाग आहे, निफाड तालुका, दोन ओळींत ९ फूट अंतर. मोठी ट्रॉली ओळीत जात नाही, त्यामुळं काढणीच्या वेळी माणसं क्रेट डोक्यावर घेऊन बांधापर्यंत येतात आणि निम्मा दिवस त्यातच जातो. ८०० ची रुंदी १४४० मिमी, म्हणजे पावणेपाच फूट, ओळीत आरामात बसते. क्रेटमध्ये मी १५-१६ किलोच भरतो, एका खेपेला १५ क्रेट नेले तरी खूप झालं.

गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, त्यामुळं मागं डिफरन्शियल वगैरे भानगड नाही, नुसता अ‍ॅक्सल, कॉइल स्प्रिंग आणि ड्रम ब्रेक. इथपर्यंत सगळं छान वाटतं. पण खाली वाकून बघितलं तर चेसिस, म्हणजे खालची वेगळी लोखंडी चौकटच नाही! सगळा पत्राच. गावातला वेल्डर म्हणतो "पत्र्याला चॅनल चिकटवू, चालतंय", आणि त्याचं "चालतंय" मी आधी गेटच्या बाबतीत अनुभवलंय, गेट सध्या दोरीनं बांधलेलं आहे.

तर कापायचं नेमकं कुठून, ट्रॅक्टरला जोडायचा दांडा कशाला धरायचा, आणि छप्पर काढलं तर चालेल का? कुणी केलं असेल तर सांगा, फोटो असतील तर फारच बरं. गोडी छाटणी (फळासाठीची) उरकली की काम सुरू करायचा विचार आहे.

जुनं_गॅरेज:
भाऊ, पहिलं काम पेट्रोल टाकी. तुझ्या गाडीत ती मागंच आहे. रिकामी आहे म्हणून तशीच ठेवून ग्राइंडर लावू नको, रिकाम्या टाकीतली वाफच जास्त वाईट. टाकी, पाइप सगळं काढून लांब ठेव, मगच ठिणगी.

आता कापायचं कुठून. अ‍ॅक्सलपासून पुढं जाणारे दोन दांडे बघ, ते मागच्या सीटखाली बॉडीला बोल्टनं धरलेत. चाक पुढं-मागं सरकू न देणं हे त्यांचं काम. हौसेच्या भरात त्या जोडाच्या मागून कापलंस तर अ‍ॅक्सल लोंबकळत राहील. म्हणून पुढच्या दरवाजाच्या मागचा खांब अख्खा ठेव आणि त्याच्या जरा पुढूनच काप, जास्तीचं नंतर काढता येतं. आडवा दांडाही आहे एक, त्याला हात लावू नको.

छपराचं म्हणशील तर चेसिस नसलेल्या गाडीत छप्पर, खांब, फ्लोअर मिळून ताकद असते. छप्पर काढलंस की उरतो तो बिनझाकणाचा पत्र्याचा डबा, तोही एका बाजूनं उघडा. काढ, पण त्याआधी खालून चौकट घाल.

पाना_बारा_तेरा:
वरच्याशी सहमत. चॅनल पत्र्याला चिकटवू नकोस, पत्रा इतका पातळ की जाड लोखंडाला धरेल एवढा करंट दिला तर पत्र्याला भोकं पडतात आणि कमी दिला तर नुसता वरवर चिकटतो. ७५ मिमीचा सी चॅनल घे, दोन लांब तुकडे फ्लोअरखालून अ‍ॅक्सलच्या पुढच्या जॉइंटपर्यंत ने, पत्र्याच्या वरून जाड पट्टी ठेवून आरपार बोल्ट. पुढं ते दोन्ही तिरके आणून एकत्र कर, इंग्रजी ए सारखे. ओढ लोखंडावर यायला हवी, पत्र्यानं फक्त माल सांभाळायचा.

ट्रॅक्टरला जोडायचा दांडा चार फूट तरी ठेव. आखूड केलास तर ओळीच्या टोकाला वळताना ट्रॅक्टरचं चाक ट्रेलरच्या कोपऱ्याला घासतं. चाकं ट्रेलरच्या मागच्या टोकापासून साधारण एक तृतीयांशावर येतात, म्हणजे क्रेट सारखे लावले की थोडा भार आपोआप हुकावर येतो. ढोबळमानानं दहावा हिस्सा यावा. सगळे क्रेट डिकीकडं रचले तर पुढचं टोक उचलतं, मग डोलायला लागतं.

मळेवाला (धागाकर्ता):
वा, म्हणजे खांब वाचला! मी बरोबर त्याच्या मागूनच खडूनं रेघ मारून ठेवली होती, पुसतो. वजनाचं कुणी सांगेल का?

जुनं_गॅरेज:
मागं तीन माणसं आणि डिकीत बॅगा घेऊन ही गाडी आयुष्यभर फिरली, ते धर सव्वादोनशे-अडीचशे किलो. तुझे १५ क्रेट तेवढेच भरतात. त्याच्या वर जाऊ नको, आणि काळ्या रानात ओल असेल तर तेही नको, १२ इंची अरुंद टायर रुतून बसतील. हँडब्रेकची केबल मात्र ठेव, उतारावर सोडून उभा करताना उपयोगी येते.

विहीरकाठ:
एक राहिलं. ट्रॅक्टरला जोडताना पिन ट्रॅक्टरच्या मागच्या अ‍ॅक्सलच्या उंचीच्या खालीच. वर जोडली आणि ट्रेलर रुतला तर ट्रॅक्टर पुढून उचलून मागं उलटतो. छोटा ट्रॅक्टर म्हणून हसू नका, छोटाच लवकर उलटतो.

आणि कागदाचं बघा. कायमची निकामी केली की मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५५ प्रमाणं १४ दिवसांत किंवा जमेल तितक्या लवकर आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते. ट्रेलर रस्त्यावर आणायचा तर त्याची वेगळी नोंदणी लागते, घरी कापलेल्याला ती मिळणं अवघड. शेतातल्या शेतात फिरवा.

मळेवाला (धागाकर्ता):
हे चांगलं सांगितलंत काका. पण खरी गोची इथंच आहे, पॅकिंग शेड डांबरी रस्त्याच्या पलीकडं आहे, जेमतेम ५० पावलं. म्हणजे बांधाला क्रेट उतरवून तेवढ्यासाठी पुन्हा मोठ्या ट्रॉलीत चढवायचे. ठीक आहे, ओळीतनं बांधापर्यंत आले तरी माणसांची मान वाचते.

आज टाकी काढली, दोन बोल्ट तुटले. वडील बघत होते, काही बोलले नाहीत, फक्त डिकीचं झाकण ठेव म्हणाले. ते आता खाली पडणारा फाळका म्हणून लावायचा विचार आहे, पण मूळ बिजागऱ्या वरच्या बाजूला आहेत. खालून कशा घ्यायच्या, कुणी केलंय का?